सूत निजवायचं राहिलं

कोसमबांधच्या पाटलांच्या घरी कपडे वाळत घालायची दोरी इतकी सैल असायची की लुगड्याचा काठ मातीला टेकावा. चेतना लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने ती दोरी खुंटीला दोन वेढे देऊन चांगली ताणली होती. सासूबाई जमुनाबाईंनी ते पाहिलं. दिवेलागणीला त्या रोजच्या नेमाने तलावाच्या पाळीवर दिवा लावून आल्या, पाय धुतले, आणि तुळशीकडे जाण्याआधी खुंटीकडे गेल्या. दोरी पुन्हा सैल झाली.

"आपल्या घरी तान ठेवत नाई बाई," एवढंच म्हणाल्या.

चेतना मुर्रीची, म्हणजे गोंदियाच्या वेशीवरची. पक्क्या शहरातल्यासारखं तिला सगळ्याचं कारण विचारायची सवय नव्हती, आणि हसून सोडून देण्याचीही नव्हती. कोणाच्या घरी शनिवारी तेल विकत आणत नाहीत, कोणाच्या घरी दारात उभं राहून पाणी पीत नाहीत. यांच्याकडे दोरी ताणत नाहीत. असेल. तिने लुगड्याचा काठ दुमडून घालायला सुरुवात केली आणि विषय मिटला.

पाळीला, म्हणजे तलावाच्या बांधाला, इकडे पार म्हणतात. कोसमबांधचा पार पाटलांच्याच पूर्वजांनी बांधलेला. मातीचा, रुंद, वर मोहाची जुनी झाडं. पाराच्या एका अंगाला शेतं, दुसऱ्या अंगाला पाणी, आणि पाण्यात थोडं आत दगडी तुडूम. तुडूम म्हणजे पाणी सोडायची पायऱ्यापायऱ्यांची विहीरच म्हणा. तिची भोकं उघडली की तलावाचं पाणी पाराखालून शेतात जातं. तिथे कोणी पोहत नाही. उघड्या तुडुमाजवळ पाणी वरून शांत दिसतं आणि खालून ओढतं. एकदा एक आख्खं लाकूड गेलं, ते परत दिसलं नाही.

या हिवाळ्यात चेतनाच्या नवऱ्याने, हेमेंद्रने, गावच्या समितीला पटवून तलावावर होड्या ठेवायचं ठरवलं. दोन पायडलच्या, आणि एक शिडाची. शिडाची होडी नागपूरच्या कुठल्याशा क्लबाने मोडीत काढलेली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गवत अंथरून ती आली तेव्हा अर्धं गाव पाहायला जमलं. चेतना नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल तुकडीत होती. शीड तिला चांगलं हाताळता यायचं. हेमेंद्रने हे इतक्या जणांना सांगितलं होतं की किराणावाला मुन्नालालसुद्धा तिला "कॅप्टन वहिनी" म्हणू लागला होता.

रविवारी गोंदियाहून पहिले पाहुणे यायचे होते. त्यांच्यात लहान मुलं होती. म्हणून चेतनाने सांगून ठेवलं होतं, की होडी माझ्या हाताखालून गेल्याशिवाय तिच्यात कोणाला बसवायचं नाही.

*

सकाळी धुकं इतकं होतं की तुडूम दिसत नव्हतं. होडी काठाशी गुडघाभर पाण्यात उभी होती. डोलकाठी चढवून झाली होती. डोलकाठीला तीन तारांनी धरून ठेवलेलं असतं: एक पुढून, एक डावीकडून, एक उजवीकडून. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला पिळाचं टर्नबकल. फिरवलं की तार ताणते, उलट फिरवलं की सैल पडते. डाव्या-उजव्या तारांचा ताण सारखा हवा. एक जास्त झाली की डोलकाठी कलते, आणि जोराच्या वाऱ्यात कललेली डोलकाठी होडीला घेऊन आडवी होते.

चेतनाने थैलीतून गेज काढलं. हाताच्या पंजाएवढं चपटं यंत्र. तारेवर अडकवायचं, आणि काटा ज्या आकड्यावर थांबेल तो ताण. तिने उजव्या तारेला लावलं. अठरा. ठीक. तार बोटाने छेडली. टुंग. गेजवर भरवसा ठेवावा, पण कानालाही विचारावं, असं तिच्या जुन्या शिक्षकांचं म्हणणं; दोन्ही तारांचा सूर जुळला की समजावं जमलं.

मग डावी तार. सव्वीस.

"बापा," ती म्हणाली.

"का झालं गा कॅप्टन?" हेमेंद्र काठावर उकिडवा बसून चहाच्या थर्मासचं झाकण उघडत होता.

"डावी लय ताठ आहे. काल तर दोन्ही सारख्या केल्या होत्या."

"थंडीनं आखडली असन. मी नाही का आखडून राहिलो?"

"एकीलाच थंडी वाजली का?" तिने डावी तार छेडली. सूर उंच निघाला, बारीक, आणि थांबायला हवा होता तिथे थांबला नाही. धुक्यात तुडुमाच्या बाजूला कुठेतरी तो पुन्हा वाजल्यासारखा झाला. तिने मान वळवली. पाणकोंबडी असेल.

तिने टर्नबकल उलट फिरवलं. एक पीळ, दुसरा, तिसरा. गेज लावलं. अठ्ठावीस.

सैल करावं आणि ताण वाढावा, असं होत नाही. तिने उजव्या तारेकडे पाहिलं. ती खरोखरच ढिली पडली होती. डाव्या टर्नबकलचे तीन पीळ बाहेर आले होते. म्हणजे डावी लांब झाली होती हे खरं. आणि लांब होऊनही कोणीतरी तिला तेवढीच ओढून धरावी तशी ती ताठ होती.

"गेज बिघडलं असन," हेमेंद्र म्हणाला. "मायबापाच्या जमान्यातलं आहे ते. दे इकडे, मी पाहतो." त्याने पाण्यात उतरून तारेला टिचकी मारली, मग मजा वाटून आणखी मारली. "आयला, तुनतुनं आहे हे! दंडारीच्या नाचगाण्यात नेऊ."

"नका ना वाजवू उगीच."

"काऊन? तू वाजवून राहिली ते चालते?"

तिने तार मुठीत धरून थांबवली. तिला एक सुचलं होतं. "होडी फिरवा," ती म्हणाली. "तोंड तिकडे करा, मागचं इकडे."

दोघांनी मिळून होडी फिरवली. आता डावी तार काठाकडे आली आणि उजवी तुडुमाकडे. चेतनाने गेज लावलं. डाव्या तारेवर काटा जेमतेम हलला.

उजव्या तारेवर तीस.

ती तारेवरच्या गेजवर हात ठेवून उभी राहिली. तार बिघडलेली नव्हती. टर्नबकल बिघडलेलं नव्हतं. होडीची जी बाजू तुडुमाकडे होई, ती ओढली जात होती. पाण्याचा स्पर्श पोटऱ्यांना एकदम थंड लागला. धुकं थोडं विरळ झालं होतं आणि तुडुमाचा वरचा दगड काळा दिसत होता. त्यावर काही नव्हतं. वाराही नव्हता.

"घरी चला," ती म्हणाली. "जेवून पाहू."

*

जमुनाबाईंचा त्या दिवशी उपवास होता. त्या चुलीपुढे बसून भगर हलवत होत्या. चेतनाने भाकरी थापता थापता सहज सांगावं तसं सांगितलं: आई, एक तार काही केल्या सैलच पडत नाही. सैल केली तर अजून ताणते. तुडुमाकडची.

जमुनाबाईंचा हात थांबला.

"वाजवली का तू ते तार?"

"हो. सूर पाहायला वाजवावंच लागते."

"कितीक डाव?"

"मोजलं नाही आई. यांनी पण वाजवली."

जमुनाबाईंनी भगर खाली उतरवली. पदराने हात पुसले. त्या हळू बोलणाऱ्या. त्या बाईचा आवाज शेजारच्या घरी कधी गेला नव्हता. आताही त्या हळूच बोलल्या, पण शब्द मोजून ठेवल्यासारखे.

"पार बांधत होते तवाची गोष्ट आहे. तवा मशिना कोठच्या? सूत तानून पार सरळ करत. एका टोकाले मोठा भाऊ उभा राहे, दुसऱ्या टोकाले लहाना. मधात इतकं अंतर का बोललेलं आयकू नाई ये. म्हणून सुताले टिचकी मारत. इकडून टिचकी मारली का तिकडच्यानं तान धराचा. पुन्हा मारली का अजून तान. काम झालं का मंग सूत निजवाचं."

"निजवायचं म्हणजे?"

"ज्यानं तानाले सांगतलं, त्यानं आपलं टोक आधी भुईवर ठेवाचं. त्याच्यावर चिमूटभर तांदूळ ठेवाचे अना म्हनाचं, झालं गा, सोड. मंग तिकडचा सोडे, अना सोडलं म्हनून एक टिचकी मारे. तिकडच्यानं आपल्या मनानं सोडाचं नाई. रीतच होती तशी. मधातच सोडलं तर पार वाकडा जाये."

चेतनाची भाकरी तव्यावर फुगली होती. तिने ती उलटली नाही.

"लहान्याचं नाव बिसन. तो तुडुमाच्या अंगाले खाली उभा होता. मोठ्यानं टिचकी मारली, त्यानं तान धरला, अना तेवढ्यात वरची ओली माती बसली. पुरा बिसन खाली गेला. मोठा धावला. त्याच्या हातातलं सूत तुटलं का सुटलं, कोनाले माईत नाई. लय खोदलं. माती खोदावं तं पानी लागे. मंग तसाच पार बांधला त्याच्यावर." जमुनाबाईंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आता सांग. त्याले सोड म्हनलं कोनं?"

बाहेर अंगणात सैल दोरीवर चेतनाची साडी लोंबत होती.

"म्हणून तुम्ही दिवा लावता?"

"माह्या सासूनं लावला, तिच्या सासूनं लावला. दरसाल पारावर सूत निजवून पाहतो. पन त्याच्या हातातलं टोक आपल्याजवळ नाई, तं त्याले कसं समजन? म्हणून कमीत कमी तानून ठेवू नाई. त्याले वाटू नाई का कोनी बलावून राहिला." त्यांनी चेतनाकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. "तू त्याले टोक देल्लं बाई. अना टिचकीबी मारली."

चेतना उठली. देवावर तिची श्रद्धा होती, पण आकड्यावरही होती, आणि सकाळपासून आकडा जे सांगत होता ते दुसऱ्या कशाने समजत नव्हतं. "हे कुठे आहेत?" तिने विचारलं.

ओसरीवर हेमेंद्रचं ताट तसंच झाकलेलं होतं. चपला नव्हत्या.

*

ती पारावर पोचली तेव्हा ऊन चांगलं पडलं होतं. मोहाच्या सावल्या छोट्या झाल्या होत्या. हेमेंद्रने होडी काठावरून ढकलली होती आणि तो आत बसून शीड वर ओढत होता.

"अजी, बाहेर या!"

"अगं, पाहू तं दे! तुह्या गेजच्या नादी लागलं तं रविवारी पाव्हन्याले का भजी खाऊ घालून वापस धाडाचं?"

"तुडूम उघडं आहे!"

"मी कोठं तिकडं जाऊन राहिलो? हवाच नाई."

हवा नव्हतीच. शीड ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं, आणि होडी तुडुमाकडे जात होती. सरळ, सावकाश, कोणी हाताने ओढावी तशी.

ती साडी खोचून पाण्यात शिरली. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, मग पोहून तिने होडीची कड धरली आणि हेमेंद्रने तिला वर घेतलं. होडी तिच्या वजनाने तिच्याकडे कलायला हवी होती. ती कलली उलटीकडे. तुडुमाकडे.

"वल्हं घ्या. काठाकडे मारा."

हेमेंद्रने वल्हं मारलं. त्याचे दंड भरले, मानेच्या शिरा उठल्या. काठ जवळ आला नाही. "हे का होऊन राहिलं?" तो म्हणाला, आणि आता त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

तुडुमाकडची उजवी तार वाजत होती. कोणी हात लावला नव्हता, तरी ती बारीक वाजत होती, दात आंबावेत तशी. सकाळी लावलेलं गेज तिच्यावर तसंच राहून गेलं होतं. काटा शेवटच्या आकड्याला टेकला होता. डोलकाठी वाकली होती. वर कोणी नव्हतं, पण जणू खालून, पाण्यातून, कोणीतरी ती तार आपल्या दोन मुठींत धरून पाय रोवून उभा आहे. बरोबर तसाच, जसं त्याला सांगितलं होतं.

चेतनाने टर्नबकल उलट फिरवायला घेतलं. फिरवत गेली. पीळ संपत आले, नखं तुटली, आणि ताण तसूभरही कमी झाला नाही. होडीची एक कड पाण्याला लागली. पुढे तुडुमाभोवती पाणी गोल गोल फिरत होतं, त्यात मोहाचं एक पान गरगरत होतं. फिरता फिरता ते आत गेलं.

"चेतना!"

हाक पारावरून आली. जमुनाबाई हातात पूजेची थाळी घेऊन उभ्या होत्या, आणि ती बाई, जिचा आवाज शेजारी गेला नव्हता, ओरडत होती.

"सैल नोको करू! सैल करून तो कायले सोडन? तू सोड! ज्यानं तानलं त्यानं आधी सोडाचं!"

टर्नबकलच्या तळाशी एक पिन असते. ती काढली की तार होडीपासून सुटते. डोलकाठी उभी असताना ती पिन काढायची नाही, हे शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात. चेतनाने तिला दातांनी वाकवलं, "खाली बसा, डोकं वाचवा" असं नवऱ्याला ओरडली, आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन पिन ओढली.

डोलकाठी काठाच्या बाजूला कोसळली. शीड मोठ्याने पाण्यावर आपटलं. होडी एकदा डुलली आणि सरळ झाली.

पण सुटलेली तार झटका देऊन उडाली नव्हती. तिचं टोक चेतनाच्या हातात होतं, आणि ते टोक हळूच, अगदी हळूच, एकदा ओढलं गेलं. समोर कोणी आहे ना, हे पाहायला आंधळा माणूस काठी पुढे करतो तसं. तिने टोक घट्ट धरलं. मग तिला वाटलं, घाबरायला आता वेळ नाही. हा तर कामावरचा माणूस आहे.

"वल्हं मारा," ती म्हणाली. हेमेंद्रने मारलं. होडी काठाकडे निघाली.

*

दोघांनी मिळून डोलकाठी ओढत पारावर आणली आणि गवतावर आडवी केली. तारही बरोबर आली. वर डोलकाठीला बांधलेली, खालचं टोक अजून चेतनाच्या मुठीत. नागमोडी, सैल, गवतात पडली. हेमेंद्र धापा टाकत बसला होता. ओल्या अंगाने तो कापत होता, पण नजर तारेवर होती.

"चेतना," तो म्हणाला. "गेज पाह्य."

गेज तारेवरच होतं. मोकळ्या, जमिनीवर लोळणाऱ्या तारेवर काटा अजून शेवटच्या आकड्याला टेकलेला होता.

हेमेंद्रने त्याला बोटाने ठोकून पाहिलं. काटा हलला नाही. "बिघडलं असन," असं तो या वेळी म्हणाला नाही.

जमुनाबाई खाली बसल्या. त्यांनी दिवा मातीवर ठेवला, भर दुपारी, आणि हाताने आडोसा केला. मग तांदळाची वाटी चेतनापुढे धरली.

"मी नाई. तूच तानलं होतं."

चेतनाने हातातलं टोक भुईवर ठेवलं. बोटं उघडायला तिला कष्ट पडले. तारेचे वळ तळव्यात उमटले होते. त्या टोकावर तिने चिमूटभर तांदूळ ठेवले. काय बोलायचं ते ठाऊक होतं, आणि ज्याला सांगायचं तो समोरच असल्यासारखं वाटत होतं.

"झालं गा बिसनभाऊ," ती म्हणाली. "पार सरळ झाला. लय चांगला झाला, अजून उभा आहे. आता सोड."

काही झालं नाही. तुडुमातून पाणी जाण्याचा आवाज येत राहिला. एक बगळा उडून दुसऱ्या काठावर बसला.

मग काटा खाली येऊ लागला. झटक्याने नाही. एक आकडा उतरे, थांबे. पुढचा उतरे, थांबे. किती काळ मिटून राहिलेली मूठ कोणी एकेक बोट करून उघडावी, आणि प्रत्येक बोट दुखावं, तसा. हेमेंद्रने चेतनाचा हात धरला होता. दिव्याची ज्योत हलत नव्हती. काटा शून्यावर आला आणि तिथेच राहिला.

आणि गवतात सैल पडलेली तार, जी खाली कशालाच बांधलेली नव्हती, एकदाच वाजली. टुंग.

जमुनाबाईंनी दोन्ही हात जोडले. बराच वेळ जोडलेले ठेवले. उठल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती; लांबच्या गावाहून कोणी यायचं असताना घरच्या बाईची असते तशी लगबग होती.

"हेमेंद्र, ऊठ. ओल्या अंगानं बसू नोको. चेतना, घरी भगर झाकून ठेवली आहे, अजून गरम असन." मग त्या पाण्याकडे तोंड करून, त्याच आवाजात, म्हणाल्या, "चाल गा बापू. जेवाले चाल."

पारावरून घराकडे जाणारी पायवाट अरुंद. दोन माणसं बाजूबाजूने जेमतेम चालतात. जमुनाबाई पुढे निघाल्या, आणि चालताना त्या वाटेच्या अगदी कडेने चालल्या, पदर सावरून, बाजूला एका माणसाची जागा सोडून. हेमेंद्रला ती मोकळी जागा दिसली. तोही कडेला झाला.

चेतना सगळ्यांत मागे होती. तिने एकदा वळून तुडुमाकडे पाहिलं. मग, कोणी न सांगता, तीही वाटेच्या कडेला सरकली.